रस्त्यावरची भित्तिचित्रे आणि वस्तीचा वारसा पायी पाहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातील एखाद्या जुन्या वस्तीत भित्तिचित्रे पाहायला जाणारे बहुतेक लोक चित्रांची यादी घेऊन निघतात आणि तेवढीच पाहून परततात. चित्र कोणत्या भिंतीवर आहे, ती भिंत तेथे कशी आली आणि ती रंगवायला कोणी दिली, हे प्रश्न मागे राहतात. खालील उत्तरे प्रामुख्याने त्या प्रश्नांना धरून लिहिली आहेत.

फेरीसाठी वस्ती कशी निवडावी?

चित्रांच्या संख्येवरून निवड करू नये. सलग चालता येईल, एकापेक्षा अधिक काळांतील बांधकामे शेजारी शेजारी दिसतील आणि लोक अजूनही राहत असतील, अशी वस्ती निवडावी. चिलीतील वाल्पाराइसो या बंदराच्या शहरात हे तिन्ही एकत्र आढळते. तेथील ऐतिहासिक भाग 2003 साली जागतिक वारसा यादीत आला, आणि बेयाविस्ता टेकडीच्या उतारावरील गल्ल्यांत 1990च्या दशकाच्या आरंभी वीस भित्तिचित्रांचे खुले संग्रहालय उभे राहिले. टेकडीवर चढणारे जिने, रुळांवरून वरखाली होणारे जुने प्रवासी डबे आणि पत्र्याने मढवलेली घरे या सगळ्यांतून वाट काढतच ती चित्रे पाहावी लागतात. एका मोठ्या मोकळ्या भिंतीवर सगळी चित्रे ओळीने मांडलेली असती, तर ती पाहायला इतके चालण्याचे कारणच उरले नसते.

एका फेरीत किती अंतर चालावे?

दोन ते अडीच तासांत दोन किलोमीटर पुष्कळ होतात. माणूस सहज चालीने तासाला चार-पाच किलोमीटर जातो, परंतु थांबत, मागे वळत आणि वर पाहत चालताना तो वेग निम्म्याहूनही कमी होतो. पहिल्यांदाच फेरी आखणारे बहुधा दुप्पट अंतर धरतात, आणि शेवटच्या तासात त्यांचे डोळे भिंतींऐवजी बसायच्या जागा शोधू लागतात.

निघण्यापूर्वी काय वाचावे?

त्या भागाचा एक जुना नकाशा आणि एक आजचा नकाशा मिळाला, तर बाकीचे वाचन नंतर केले तरी चालते. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की बुजवलेला ओढा, रुंद केलेला रस्ता किंवा पाडलेला कारखाना लक्षात येतो. पुढे प्रत्यक्ष चालताना एखादा रस्ता कारण नसताना वळलेला दिसला, तर त्या वळणाचे कारण बहुधा जुन्या नकाशात सापडते. चित्रांविषयीचे वाचन मात्र फेरीनंतर करावे, असे माझे मत आहे. आधीच वाचलेले वर्णन डोळ्यांना पुढे जाऊ देत नाही.

ग्राफिटी, स्टेन्सिल आणि भित्तिचित्र यांत फरक काय?

ग्राफिटीचा मूळ पाया अक्षर हा आहे. स्वतःसाठी घेतलेले टोपणनाव एका झटक्यात लिहिले, तर त्याला टॅग म्हणतात. तेच नाव फुगीर अक्षरांत दोन-तीन रंगांनी भराभर काढले की थ्रो-अप होते, आणि वेळ देऊन, छटा व खोली साधून पूर्ण केलेल्या कामाला पीस असे म्हणतात. बाहेरच्या माणसाला ही अक्षरे वाचता येत नाहीत, कारण ती मुळात एकमेकांनी वाचावीत म्हणून लिहिलेली असतात.

स्टेन्सिलमध्ये आकार आधीच पुठ्ठ्यात किंवा प्लास्टिकच्या पत्र्यात कापून आणलेला असतो, त्यामुळे भिंतीसमोरचे काम काही मिनिटांत उरकते. कागदावर घरी काढलेले चित्र कणकेच्या खळीने भिंतीला चिकटवले, तर ते पेस्ट-अप. याशिवाय फरशीच्या तुकड्यांची कामेही आढळतात. पॅरिसमध्ये 1998पासून इन्व्हेडर या टोपणनावाने काम करणाऱ्या कलावंताने जुन्या व्हिडिओ गेममधील आकृत्या अशा तुकड्यांतून शहरभर बसवल्या आहेत.

भित्तिचित्र म्हणजेच म्युरल हे आकाराने मोठे असते, बहुधा परवानगीने होते आणि त्याला परांची किंवा उचलयंत्र लागते. कागदावरचे लहान चित्र चार मजली भिंतीवर उतरवण्यासाठी चौकटी आखतात, रात्री प्रोजेक्टरने रेषा पाडून घेतात, किंवा आधी भिंतभर वेड्यावाकड्या खुणा करून तिचे छायाचित्र घेतात व त्या खुणांवर चित्र बसवून पाहतात. पूर्ण झालेल्या चित्राच्या पातळ रंगाखाली अशा खुणा कधी कधी अजून दिसतात. फिलाडेल्फिया शहरात तर पुष्कळ चित्रे आधी भिंतीवर होतच नाहीत. तेथे 1984 साली ग्राफिटीविरोधी मोहिमेचा भाग म्हणून जेन गोल्डन यांच्याकडे भित्तिचित्रांचे काम सोपवले गेले, आणि पुढे त्यातून हजारो चित्रांचा उपक्रम वाढला. पॅराशूटचे कापड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पातळ कापडाच्या तुकड्यांवर शाळांमध्ये, सभागृहांमध्ये किंवा तुरुंगात रंगकाम करून ते तुकडे नंतर भिंतीला डकवतात. त्यामुळे परांचीवर कधीही चढू न शकणाऱ्या माणसाचा हातही त्या चित्राला लागलेला असतो.

भिंत वाचायची म्हणजे नेमके काय करायचे?

चित्राकडे पाहण्यापूर्वी रस्त्याच्या पलीकडे जाऊन संपूर्ण इमारत पाहावी. मोठी भित्तिचित्रे जवळजवळ नेहमी खिडक्या नसलेल्या भिंतीवर असतात, आणि शहरात बिनखिडक्यांची उघडी भिंत ही विचार करायला लावणारी गोष्ट असते. रस्त्याकडची बाजू हवा आणि उजेडासाठी मोलाची असल्याने तेथे कोणी अशी भिंत मुद्दाम ठेवत नाही. अशी भिंत बहुधा पूर्वी दुसऱ्या इमारतीला लागून असते आणि ती इमारत पडल्यावर किंवा पाडल्यावर उघडी होते. बर्लिनमध्ये घरांच्या मध्ये आग पसरू नये म्हणून बांधलेल्या जाड भिंती युद्धातील बाँबहल्ल्यांनंतर ठिकठिकाणी उघड्या पडल्या, आणि आज त्यांतील अनेक भिंतींवर चित्रे आहेत. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टमध्ये कामगारांच्या घरांच्या रांगांची टोकाची त्रिकोणी भिंत मोकळी असते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे प्रोटेस्टंटांचा नायक मानल्या जाणाऱ्या राजा विल्यमचे घोड्यावरील चित्र काढले जाऊ लागले, आणि पुढे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही बाजूंच्या वस्त्यांनी आपापला इतिहास व आपापले मृत याच टोकाच्या भिंतींवर मांडले. त्या शहरात भिंत कोणत्या गल्लीच्या तोंडाशी आहे हे ठाऊक नसेल, तर चित्राचा अर्धा अर्थ निसटतो.

दिल्लीतील लोधी कॉलनी हे याच्या उलट उदाहरण. 1940च्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या या वसाहतीत सारख्या उंचीच्या, मधोमध कमान असलेल्या भिंती एकामागून एक येतात. गेल्या दशकात तेथे देशोदेशीच्या चित्रकारांनी काम केले, आणि प्रत्येकाला त्या कमानीशी काही ना काही तडजोड करावी लागली. कोणी तिला चित्रातच सामावून घेतले, तर कोणी तिच्याकडे दुर्लक्ष केले. चालत जाताना ही तुलना आपोआप होते, आणि सुटे छायाचित्र पाहताना ती कधीच होत नाही.

यानंतर भिंतीजवळ जावे. गिलाव्याचे पोपडे कोठे सुटले आहेत, जोत्यापासून किती उंचीपर्यंत ओल चढली आहे, पांढरा लोणा कोठे फुटला आहे आणि जुन्या रंगाचे किती थर डोकावत आहेत, हे पाहिले की चित्राचे वय व त्याचे उरलेले आयुष्य या दोहोंचा अंदाज येतो. एकदा एका वीटभिंतीवरील पुसट अक्षरे मी बराच वेळ जुन्या भित्तिचित्राचा भाग समजून पाहत होतो. ती साबणाची जाहिरात निघाली. अर्थात त्यामुळे ती कमी महत्त्वाची ठरत नाही. रंगाऱ्यांनी हाताने रंगवलेल्या अशा जाहिराती हा त्या रस्त्याच्या व्यापाराचा पुरावाच असतो.

चित्र परवानगीने काढले आहे की विनापरवाना, हे ओळखता येते का?

खात्रीने नाही, पण उंची आणि वेळ यांवरून तर्क करता येतो. जमिनीवरून हात पोहोचेल तेवढ्याच पट्ट्यातील, थोड्या रंगांचे आणि कडा न आवरलेले काम घाईत झालेले असण्याचा संभव अधिक असतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलेल्या, खाली सही, वर्ष आणि साहाय्य करणाऱ्यांची नावे असलेल्या चित्रामागे परवानगी असते, आणि बहुधा पैसाही असतो. तो पैसा कोणाचा, हेही विचारावे.

चित्रांखेरीज वारसा म्हणून काय पाहावे?

वारसा म्हणजे जुनी देखणी इमारत, एवढाच अर्थ धरला तर फेरी लवकर संपते. कोनशिला, दारावरचे वर्ष, उंबऱ्याची झीज, रस्त्यांची बदललेली नावे, पाणपोया, सार्वजनिक नळ, बंद पडलेल्या चित्रपटगृहाची दर्शनी बाजू आणि कारागिरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या हे सगळे पाहण्याजोगे असते. एखाद्या गल्लीला तांबटांचे नाव असते आणि आज तेथे तांब्याचे काम करणारा एकही नसतो. ते काम कोणत्या काळी आणि कोठे गेले, हा त्या वस्तीचा इतिहासच असतो. युनेस्कोने 2003 साली अमूर्त वारशाविषयीचा करार स्वीकारला, तेव्हापासून कारागिरी, सण, बोली आणि गाणी यांनाही वारशाच्या औपचारिक व्याख्येत जागा मिळाली. पायी हिंडणाऱ्याने याचा अर्थ असा घ्यावा की डोळ्यांइतकेच कानांनाही काम आहे.

फलकांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. लंडनमधील निळ्या गोल फलकांची प्रथा 1860च्या दशकात सुरू झाली. एखादी नामवंत व्यक्ती या घरात राहत होती, एवढेच ते फलक सांगतात. त्यासाठी त्या व्यक्तीच्या मृत्यूला वीस वर्षे उलटलेली असावी लागतात. हे फलक डोळ्यांच्या पातळीच्या वर असतात. जर्मन कलावंत गुंटर डेम्निग यांनी 1990च्या दशकात सुरू केलेले स्मृतिदगड नेमके याच्या उलट, पायांखाली आहेत. नाझी राजवटीत छळ झालेल्या माणसाच्या शेवटच्या राहत्या घरासमोर, पदपथावर, दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचा पितळी पत्रा बसवलेला दगड पुरतात. त्यावर नाव, जन्मवर्ष आणि पुढे काय झाले याची नोंद असते, आणि बहुतेक दगडांवरील मजकूर ‘येथे राहत होते’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होतो. युरोपभर असे एक लाखाहून अधिक दगड आहेत. अक्षरे लहान असल्याने वाचण्यासाठी वाकावे लागते, आणि ज्याला थांबायला सवड नाही त्याला त्यांतील एकही वाचता येत नाही. वस्तीची स्मृती पायी फिरणाऱ्याच्याच हाती ठेवणारी याहून नेमकी रचना मला ठाऊक नाही.

भित्तिचित्रे टिकत का नाहीत? जुनी चित्रे पुन्हा रंगवावीत का?

उन्हातील अतिनील किरणांनी रंगद्रव्ये फिकी पडतात. भडक लाल, पिवळे आणि गुलाबी सेंद्रिय रंग आधी जातात, तर गेरूसारखे लोहयुक्त मातकट रंग दीर्घकाळ टिकतात. म्हणूनच जुन्या चित्रांतील चेहरे हळूहळू निळसर दिसू लागतात. दुसरे कारण भिंतीच्या आतले आहे. ॲक्रिलिक रंगाचा थर बाष्प नीट बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे ओलाव्याबरोबर आलेले क्षार थराच्या मागे साचतात आणि पापुद्रा सोलून काढतात. यावर उपाय म्हणून सिलिकेट रंग वापरतात. जर्मनीत 1878 साली आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी त्यांचे एकस्व (पेटंट) घेतले होते. हे रंग गिलाव्यावर थर धरून न बसता त्याच्याशी रासायनिक रीतीने जोडले जातात आणि भिंतीला श्वास घेऊ देतात.

पुन्हा रंगवण्याच्या प्रश्नावर दोन टोकाची उदाहरणे आहेत. बर्लिनच्या भिंतीचा सुमारे 1.3 किलोमीटरचा तुकडा 1990 साली अनेक देशांतील चित्रकारांनी रंगवला. ऊन, पाऊस आणि पर्यटकांच्या सह्या यांनी ती चित्रे जवळजवळ हरवली, तेव्हा 2009 साली मूळ चित्रकारांनाच बोलावून बहुतेक चित्रे नव्याने काढवली गेली. आज दिसते ते मूळ चित्र आहे की त्याच चित्रकाराने काढलेली प्रत, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

लॉस एंजेलिसमध्ये उलट घडले. मेक्सिकोचे चित्रकार डेव्हिड अल्फारो सिकेरोस यांना 1932 साली एका इमारतीच्या वरच्या भिंतीवर उष्णकटिबंधाचे रम्य दृश्य काढण्याचे काम मिळाले होते. त्यांनी ऐन मध्यावर क्रुसावर बांधलेला आदिवासी शेतमजूर आणि त्याच्या वर बसलेला अमेरिकेचा गरुड काढला. रस्त्यावरून दिसणारा भाग लवकरच चुन्याने झाकला गेला, आणि काही वर्षांत उरलेलाही गेला. परंतु 1960च्या दशकाच्या अखेरीस तो पांढरा थर झिजून चित्र पुन्हा डोकावू लागले. दीर्घकाळ चाललेल्या संवर्धनानंतर 2012 साली ते लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. संवर्धकांनी गेलेले रंग भरले नाहीत. उरले होते तेवढेच पक्के केले. तेथे दिसणारा फिकेपणा हा चित्राला गप्प करण्याच्या प्रयत्नाचा इतिहास आहे, आणि तो राखण्याचा निर्णय मला बर्लिनच्या निर्णयापेक्षा अधिक पटतो.

घरमालक आपल्या भिंतीवरील चित्र पुसू शकतो का?

भिंत मालकाची असली तरी चित्रावर चित्रकाराचा काही हक्क उरतो, असे अनेक देशांचे कायदे मानतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील फाइव्ह पॉइंट्स या जुन्या कारखान्याच्या भिंती मालकाच्या संमतीने वर्षानुवर्षे रंगवल्या जात होत्या. 2013च्या नोव्हेंबरमध्ये मालकाने एका रात्रीत त्यांवर पांढरा रंग फिरवला आणि पुढे इमारत पाडली. 1990च्या अमेरिकी दृश्यकलाकार हक्क कायद्याखाली 2018 साली न्यायालयाने 21 कलावंतांना 67 लाख 50 हजार डॉलरची भरपाई दिली, आणि 2020 साली वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला. भारतात अमरनाथ सहगल यांनी विज्ञान भवनासाठी घडवलेले कांस्य भित्तिशिल्प 1979 साली काढून गोदामात टाकण्यात आले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 साली ते शिल्पकाराला परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. विनापरवाना चित्राला मात्र असे संरक्षण मिळणे अवघड असते.

छायाचित्रे काढून प्रसिद्ध करता येतात का?

स्वतःपुरते छायाचित्र काढण्यास सहसा अडचण येत नाही. ते पुस्तकात, दिनदर्शिकेत किंवा जाहिरातीत वापरायचे असेल तर देशानुसार नियम बदलतो. जर्मनीत सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या कलाकृतीचे, त्यात भित्तिचित्रही आले, रस्त्यावरून घेतलेले छायाचित्र व्यापारी कामासाठीही वापरता येते. ब्रिटन आणि भारत या देशांच्या कायद्यांतील सवलत वास्तू व शिल्पांना आहे, सपाट चित्राला नाही. फ्रान्समधील सवलत 2016पासून आहे, पण ती फार मर्यादित आहे. तेव्हा व्यापारी वापराआधी चित्रकाराची लेखी परवानगी घ्यावी, आणि अन्यत्र कोठेही छायाचित्र देताना भिंतीवर दिसते त्याप्रमाणे चित्रकाराचे नाव द्यावे.

रहिवाशांशी कसे वागावे?

आपण कोणाच्या तरी दारासमोर उभे आहोत, हे विसरू नये. छायाचित्राच्या चौकटीत खिडकी, वाळत घातलेले कपडे किंवा ओट्यावर बसलेले माणूस येत असेल, तर आधी विचारावे. पहाटे आणि रात्री घोळक्याने थांबू नये. मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ काढलेल्या चित्रापुढे पाठ करून हसरी छायाचित्रे काढू नयेत. अशा चित्रांवर बहुधा नाव आणि दोन तारखा असतात, त्यामुळे ती ओळखणे कठीण नाही. चित्राला हात लावू नये, अगदी चित्रच तसे सुचवत असले तरी. मलेशियातील जॉर्ज टाउनमध्ये एर्नेस्ट झाखारेविच यांनी 2012 साली काढलेल्या चित्रात दोन मुले भिंतीला जोडलेल्या खऱ्या सायकलवर बसली आहेत, आणि प्रत्येकाला त्या सायकलला हात लावून उभे राहायचे असते. भिंतीवरील रंग हातांच्या घामाने आणि घासण्याने झिजतो, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

भित्तिचित्रांमुळे वस्ती महाग होते, हे खरे आहे का?

एकट्या चित्रांमुळे होत नाही, परंतु चित्रे हे त्या बदलाचे साधन होऊ शकते. मायामीतील विनवूड हा गोदामांचा आणि पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांचा भाग होता. 2009 साली तेथे एका बांधकाम व्यावसायिकानेच गोदामांच्या भिंती चित्रकारांना दिल्या, आणि त्यानंतरच्या वर्षांत भाडी चढून जुने रहिवासी व पहिले कलावंत या दोघांनाही बाहेर पडावे लागले. याउलट सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातील बामी गल्लीत 1970च्या दशकापासून स्थानिक लोकांनीच चित्रे काढली. 1980च्या दशकात तेथे मध्य अमेरिकेतील युद्धांविषयीची चित्रे आली, आणि नंतर घरांतून हुसकावले जाण्याविषयीचीही. भाडी त्या भागातही वाढली, पण निदान भिंतीवर त्याची नोंद झाली. चित्र पाहताना त्यात वस्तीतील माणसे आहेत का, आणि असतील तर ती अजून तेथे राहतात का, एवढे विचारले तरी बरेच कळते.

मार्गदर्शक घ्यावा का?

पहिल्या फेरीला घ्यावा, आणि तो त्याच वस्तीतला असावा. तारखा कोठेही मिळतात. कोणत्या चित्रावरून भांडण झाले होते, हे तेथे राहणाराच सांगतो. शहरांविषयी लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांच्या स्मरणार्थ 2007 साली टोरंटोत सुरू झालेल्या जेन्स वॉक या उपक्रमात रहिवासी स्वतःच आपल्या भागाच्या विनामूल्य फेऱ्या घेतात, आणि आता अनेक देशांतील शहरांत मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास त्या होतात.

लहान मुलांना किंवा चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला नेता येईल का?

येईल, मात्र वाट आधी एकदा स्वतः चालून पाहावी. नकाशावर पायऱ्या, फरसबंदीचे खड्डे आणि अरुंद पदपथ दिसत नाहीत.

फेरीची नोंद कशी ठेवावी?

प्रत्येक चित्राची दोन छायाचित्रे घ्यावीत : एक चित्राचे, आणि एक पलीकडच्या पदपथावरून संपूर्ण इमारतीसह शेजारच्या दोन इमारतींचे. सोबत तारीख, रस्त्याचे नाव, भिंत कोणत्या दिशेला आहे, सही असल्यास ती जशीच्या तशी, आणि गिलाव्याची अवस्था लिहावी. चित्राच्या नावापेक्षा तारीख अधिक महत्त्वाची आहे, कारण पुढच्या भेटीत ते चित्र तेथे नसण्याचा संभव मोठा असतो. वर्षभराने त्याच जागी उभे राहून तीच दोन छायाचित्रे पुन्हा घ्यावीत, आणि चित्र गेले असेल तर रिकाम्या भिंतीचेही घ्यावे.